ब्रिगेड, डिव्हिजन, कोअर, कमांड: ब्रिटिशकालीन लष्कराच्या रचनेबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

"पणजोबांचं नाव आणि पलटणीचा नंबर मिळाला. 'पूना डिव्हिजन' असंही कुठेतरी लिहिलंय. आता पुढे काय?" या अर्थाची पत्रं वर्षभर येत असतात. बहुतेकांची गाडी एकाच ठिकाणी अडते. माणूस ज्या पलटणीचा, ती पलटण ज्या डिव्हिजनबरोबर लढली, आणि ती डिव्हिजन ज्या मुलखातून निघाली, या तीन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि जुन्या कागदांत त्या एकमेकींत मिसळलेल्या असतात. त्या वेगळ्या करता आल्या की कागद वाचता येतात. एका उत्तराला दुसऱ्याची गरज लागते तिथे त्याचा क्रमांक दिला आहे.

१. पलटण, ब्रिगेड, डिव्हिजन, कोअर, आर्मी: यांत मोठं कोण आणि लहान कोण?

लहानाकडून मोठ्याकडे गेलं तर कंपनी, बटालियन, ब्रिगेड, डिव्हिजन, कोअर, आर्मी आणि सगळ्यात वर आर्मी ग्रुप. पहिलं महायुद्ध सुरू झालं तेव्हा पायदळाच्या बटालियनमध्ये सुमारे १,००० माणसं असत. चार बटालियन मिळून ब्रिगेड होई. तीन ब्रिगेड आणि त्यांच्या जोडीला तोफखाना, सॅपर्स (रस्ते-पूल बांधणारी, सुरुंग लावणारी माणसं), इस्पितळं, सामानाच्या गाड्या असं सगळं मिळून डिव्हिजन. दोन-तीन डिव्हिजन एका सेनापतीखाली आल्या की कोअर, आणि दोन किंवा जास्त कोअर मिळून आर्मी. ब्रिटिशांचे आर्मी ग्रुप दुसऱ्या महायुद्धात आले. १९४४ मध्ये माँटगोमेरी नॉर्मंडीत उतरला तो एकविसावा आर्मी ग्रुप घेऊन.

मराठी वाचकाचा गोंधळ होतो तो 'पलटण' या शब्दामुळे. इंग्रजी प्लाटून म्हणजे कंपनीचा एक तुकडा, तीस-चाळीस माणसांचा. आपल्याकडे पलटण म्हणजे अख्खी बटालियन. मराठा लाइट इन्फंट्रीच्या पहिल्या बटालियनला आजही 'जंगी पलटण' म्हणतात. तेव्हा आजोबा 'आमची पलटण' म्हणत असतील तर हजारभर माणसं डोळ्यांसमोर आणा. आणि 'कॉर्प्स' असं छापलेलं दिसलं तर ती कोअरच, उच्चार चुकला आहे इतकंच.

२. या उतरंडीत रेजिमेंट कुठे बसते?

कुठेच बसत नाही, आणि निम्मे घोळ यातूनच होतात. पायदळाची रेजिमेंट म्हणजे शिपायाचं घर: भरती, निशाण, परंपरा, बिल्ला, पेन्शन. पण रणांगणावर अख्खी रेजिमेंट एकत्र लढत नाही. तिच्या बटालियन वेगवेगळ्या डिव्हिजनमध्ये वाटलेल्या असतात.

इटलीतलं उदाहरण बघा. यशवंत घाडगे पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या तिसऱ्या बटालियनचे. १० जुलै १९४४ रोजी वरच्या टायबर खोऱ्यात ते धारातीर्थी पडले आणि त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. नामदेव जाधव त्याच रेजिमेंटच्या पहिल्या बटालियनचे. त्यांना ९ एप्रिल १९४५ च्या सेनिओ नदीवरच्या लढाईसाठी व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. रेजिमेंट एक, देश एक, पण घाडगे दहाव्या भारतीय डिव्हिजनमध्ये होते आणि जाधव आठव्या. दोघांच्या लढायांची हकीकत शोधायची तर दोन निराळ्या दप्तरांत हात घालावा लागतो. घोडदळ आणि तोफखाना यांचा हिशेब वेगळा आहे, तो प्रश्न १३ मध्ये.

३. कमांड म्हणजे डिव्हिजनपेक्षा मोठी फौज का?

नाही. डिव्हिजन ही फौज, कमांड हा मुलूख. छावण्या, भरती, शिक्षण, दारूगोळ्याची कोठारं, इस्पितळं, घोड्यांचे तबेले, हे सगळं एका सेनापतीच्या नावे बांधून दिलेला नकाशावरचा भाग म्हणजे कमांड. युद्ध लागलं की डिव्हिजन आगगाडीत आणि मग बोटीत बसून निघून जाते. कमांड जागच्या जागी राहून मागून माणसं आणि सामान पाठवत राहते. 'सदर्न कमांडमध्ये होते' याचा अर्थ 'लढाईवर होते' असा लावू नका. बरेचदा तो नेमका उलटा असतो.

४. ब्रिटिश लष्करात डिव्हिजन कधी सुरू झाल्या?

कायम स्वरूपाच्या डिव्हिजन ब्रिटिश सेनापती वेलिंग्टनने १८ जून १८०९ च्या हुकुमाने नेपोलियनविरुद्धच्या पोर्तुगाल-स्पेनच्या मोहिमेत बांधल्या. त्याआधी ब्रिगेड हीच सगळ्यात मोठी नेहमीची जुळणी होती. आजच्या ब्रिटिश लष्करातली तिसरी डिव्हिजन आपलं मूळ तिथेच सांगते.

पण नेपोलियन गेला आणि ही घडी मोडली. पुढची कित्येक दशकं मोहीम निघाली की डिव्हिजन जुळवायच्या आणि संपली की मोडायच्या, असंच चाललं. त्याची किंमत बोअर युद्धात मोजावी लागली. १८९९ मध्ये जनरल बुलर एक आखीव आर्मी कोअर घेऊन दक्षिण आफ्रिकेला निघाला, आणि तिथे पोचताच वेढ्यात अडकलेली गावं सोडवण्यासाठी त्याला ती तीन दिशांना फोडावी लागली. जे सेनापती आणि स्टाफ एकत्र काम करायला शिकले होते, ते पहिल्याच आठवड्यांत विखुरले गेले. पुढच्या दहा वर्षांतल्या सगळ्या सुधारणा या जखमेवरचा इलाज होत्या.

५. खुद्द ब्रिटनमध्ये कोणत्या कमांड होत्या?

१९०१ मध्ये युद्धमंत्री ब्रॉड्रिक यांनी देशाचे सहा आर्मी कोअर भाग पाडायची योजना मांडली. त्यातले निम्मे कागदावरच राहिले आणि योजना गुंडाळली गेली. १९०४ च्या एशर समितीने सरसेनापतीचं पदच काढून आर्मी कौन्सिल नेमलं, आणि त्यानंतर प्रादेशिक कमांड आल्या. १९१४ मध्ये त्या सात होत्या: ऑल्डरशॉट, सदर्न (सॉल्सबरी), ईस्टर्न (लंडन), नॉर्दर्न (यॉर्क), वेस्टर्न (चेस्टर), स्कॉटिश (एडिंबरा) आणि आयरिश (डब्लिन). लंडन डिस्ट्रिक्ट वेगळा. ऑल्डरशॉट आकाराने लहान, पण तिथली कमांड सर्वांत मानाची, कारण युद्ध लागताच पहिली कोअर तिथूनच निघायची. १९१४ मध्ये जनरल हेग ऑल्डरशॉटचा प्रमुख होता आणि तोच पहिली कोअर घेऊन फ्रान्सला गेला. हा ढाचा वाढत-घटत १९७२ पर्यंत चालला. त्या वर्षी सगळं मिळून विल्टन इथे एकच मुख्यालय झालं.

६. १९१४ ची डिव्हिजन प्रत्यक्षात केवढी होती?

ब्रिटिश डिव्हिजनमध्ये सुमारे १८,००० माणसं, ५,६०० घोडे, ७६ तोफा आणि फक्त २४ मशीनगन. सगळी एका रस्त्याने चालू लागली की तिची लांबी १५ मैल भरे. म्हणजे पुणे स्टेशनात शेवटची गाडी उभी असताना पुढचा शिपाई देहूरोडच्या आसपास पोचलेला असणार. एवढ्या लोकांचं आणि जनावरांचं दाणापाणी रोज वेळेवर पोचवणं हेच डिव्हिजनच्या स्टाफचं खरं काम. भारतातून निघालेल्या डिव्हिजनकडे माणसं कमी आणि तोफा तर बऱ्याच कमी होत्या. मेसोपोटेमियात (आजच्या इराकमध्ये) ते फार जाणवलं.

हे आकडे कायमचे धरू नका. माणसांची टंचाई झाली म्हणून १९१८ च्या सुरुवातीला फ्रान्समधल्या ब्रिटिश डिव्हिजनच्या बारा बटालियनच्या नऊ झाल्या. कॅनेडियनांनी मात्र बाराच ठेवल्या. १९३९ ची डिव्हिजन १३,८६३ जणांची, १९४४ ची १८,३४७ जणांची.

७. भारतात कमांड येण्याआधी काय होतं?

तीन इलाख्यांची तीन लष्करं: बंगाल, मद्रास आणि मुंबई. प्रत्येकाचा सेनापती वेगळा, पलटणींचे नंबर वेगळे. म्हणून १९०३ पूर्वीच्या कागदात नुसतं 'दहावी पलटण' असेल तर ती कुठल्या इलाख्याची हे आधी ठरवा. १ एप्रिल १८९५ ला ही तीन लष्करं संपली आणि पंजाब, बंगाल, मद्रास, मुंबई अशा चार कमांड झाल्या. मुंबई कमांडमध्ये सिंध, बलुचिस्तान आणि थेट एडनसुद्धा होतं. पुण्यात मुख्यालय असलेली आजची सदर्न कमांड आपला स्थापना दिवस याच तारखेपासून मोजते.

८. किचनरने नेमकं काय बदललं?

१९०२ मध्ये तो भारताचा सरसेनापती होऊन आला तेव्हा फौज छोट्या छोट्या ठाण्यांत विखुरलेली होती. १८५७ ची भीती आणि जुनी सवय यामुळे ती तशीच राहिली होती. त्याला भय होतं वायव्येकडून येणाऱ्या रशियाचं. त्याने फौज नऊ डिव्हिजनमध्ये बांधली आणि त्या दोन रेल्वेमार्गांवर ओवल्या: एक लखनौहून पेशावरकडे, दुसरा मुंबईहून महूमार्गे क्वेट्ट्याकडे. १९०७ पासून या डिव्हिजन नॉर्दर्न आणि सदर्न अशा दोन आर्मींत विभागल्या. पहिली पेशावर, दुसरी रावळपिंडी, तिसरी लाहोर, सातवी मीरत आणि आठवी लखनौ या नॉर्दर्नमध्ये. चौथी क्वेट्टा, पाचवी महू, सहावी पूना, नववी सिकंदराबाद आणि शिवाय नंबर नसलेली ब्रह्मदेशाची डिव्हिजन या सदर्नमध्ये.

१९०३ मध्ये त्याने सगळ्या पलटणींना एका ओळीत नवे नंबर दिले. मुंबई इलाख्याच्या नंबरांत बहुधा १०० मिळवले गेले, म्हणून तिसरी मुंबई झाली १०३ वी मराठा लाइट इन्फंट्री आणि दहावी झाली ११० वी. १९२२ मध्ये हे नंबरही गेले आणि सहा मराठा पलटणी पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीत आल्या. एकाच पलटणीला तीन काळांत तीन नावं, हे लक्षात ठेवलं तर बरीच वणवण वाचते.

९. पूना डिव्हिजन म्हणजे पुण्याच्या लोकांची डिव्हिजन ना?

हा सगळ्यात जास्त येणारा प्रश्न. नाव छावणीचं आहे, माणसांचं नाही. सहाव्या पूना डिव्हिजनमध्ये १६, १७ आणि १८ या तीन ब्रिगेड होत्या, आणि भारतातल्या रिवाजाप्रमाणे प्रत्येक ब्रिगेडमध्ये एक गोरी बटालियन आणि तीन देशी. सोळाव्या ब्रिगेडमध्ये डॉर्सेट रेजिमेंटची दुसरी बटालियन, २० वी पंजाबी, १०४ वी वेलस्लीज रायफल्स आणि ११७ वी मराठा. सतराव्यात १०३ वी मराठा, अठराव्यात ११० वी मराठा. म्हणजे प्रत्येक ब्रिगेडमध्ये एक मराठा पलटण होती आणि तिच्या शेजारी पंजाबी, राजपूत आणि इंग्रज.

६ नोव्हेंबर १९१४ ला तिची सोळावी ब्रिगेड शत्त-अल-अरबच्या मुखाशी फाव इथे उतरली आणि त्याच महिन्यात बसरा पडलं. पुढच्या वर्षी जनरल टाउनशेंडने ही डिव्हिजन तैग्रिस नदीच्या काठाने बगदादच्या तोंडाशी नेली. मागे रस्ते नाहीत, पुरेशा बोटी नाहीत, इस्पितळांची सोय अपुरी. नोव्हेंबर १९१५ मध्ये टेसिफॉनला ती थोपवली गेली, मागे हटली आणि ७ डिसेंबरपासून कूतमध्ये वेढली गेली. वेढा जवळपास पाच महिने चालला. अन्न संपत गेलं, तोफा ओढणारी जनावरं कापून खावी लागली. २९ एप्रिल १९१६ ला सुमारे १३,००० जण शरण गेले. त्यात शिपायांबरोबर भिस्ती, आचारी, खेचरवाले होते. कैदेत त्यांतले फार मोठ्या संख्येने मेले.

सातारा, रत्नागिरी, कोल्हापूरकडच्या घरांत 'बसऱ्याला गेले ते आलेच नाहीत' अशी आठवण असेल तर आधी या तीन पलटणी तपासा.

१०. कूतनंतर सहावी डिव्हिजन पुन्हा उभी राहिली का?

त्या युद्धात नाही. मेसोपोटेमियात पुढे चौदावी, पंधरावी, सतरावी, अठरावी अशा नव्या भारतीय डिव्हिजन आल्या. सहावा नंबर १९४१ मध्ये एका नव्या भारतीय डिव्हिजनला मिळाला, पण तिचा कूतशी नंबरापलीकडे संबंध नाही. ब्रिटनचीही स्वतःची एक सहावी डिव्हिजन होती आणि ती फ्रान्समध्ये लढत होती. म्हणून नुसत्या '६' या आकड्यावर कधीच विसंबू नका.

११. फ्रान्समधल्या कागदांत 'लाहोर डिव्हिजन' आहे, तिचा नंबर का नाही?

वरच्याच कारणासाठी. सप्टेंबर १९१४ च्या शेवटी तिसरी लाहोर आणि मागोमाग सातवी मीरत मार्सेलिसला उतरू लागल्या. ब्रिटनची तिसरी डिव्हिजन आधीच आघाडीवर होती आणि सातवी येऊ घातली होती. दारूगोळा भलत्याच तिसरीला जाऊ नये म्हणून भारतीय डिव्हिजननी नंबर गाळला. त्यांच्या ब्रिगेडही नावांनीच ओळखल्या गेल्या: फिरोजपूर, जालंधर, सरहिंद, डेहराडून, गढवाल, बरेली. १९१५ च्या शेवटी त्या मेसोपोटेमियाला गेल्यावर नंबर परत आले.

१२. सदर्न आर्मी आणि सदर्न कमांड एकच का?

वर्षावर अवलंबून. १९०७ ते १९१८ सदर्न आर्मी. १९१८ मध्ये तिचीच सदर्न कमांड झाली. १९२० मध्ये नॉर्दर्न, सदर्न, ईस्टर्न, वेस्टर्न अशा चार कमांड झाल्या. १९४२ मध्ये जपान ब्रह्मदेशात घुसल्यावर पुन्हा नावं बदलली: नॉर्दर्न कमांडची नॉर्थ-वेस्टर्न आर्मी, सदर्नची सदर्न आर्मी आणि ईस्टर्नची ईस्टर्न आर्मी, शिवाय नवी सेंट्रल कमांड. यांतली खरी लढणारी फक्त ईस्टर्न. १९४३ च्या अखेरीस तिचं आघाडीवरचं काम जनरल स्लिमच्या चौदाव्या आर्मीकडे गेलं आणि पिछाडी ईस्टर्न कमांडकडे राहिली. प्रश्न ३ मधला फौज आणि मुलूख हा फरक इतका स्वच्छ दुसरीकडे दिसत नाही.

फाळणीत नॉर्दर्न कमांड पाकिस्तानात गेली. पाकिस्तानी लष्कराचं मुख्यालय रावळपिंडीला झालं ते तिच्याच जागेत.

१३. आजोबा तोफखान्याच्या 'ब्रिगेड'मध्ये होते. म्हणजे चार हजार माणसं?

नाही. तोफखान्याची ब्रिगेड म्हणजे तीन-चार बॅटरींचा (तोफांच्या तुकड्यांचा) गट, लेफ्टनंट कर्नलच्या हाताखालचा, साधारण बटालियनच्या तोलाचा. १९३८ मध्ये या ब्रिगेडना 'रेजिमेंट' म्हणायला लागले. घोडदळाचंही तसंच: तिथे रेजिमेंट म्हणजे एकच रिसाला, पायदळाच्या बटालियनच्या जागी बसणारा आणि माणसांनी तिच्याहून लहान.

१४. ब्रिगेडियर आणि ब्रिगेडियर-जनरल यांत फरक काय?

काम एकच, ब्रिगेडचं नेतृत्व. पहिल्या महायुद्धात तो ब्रिगेडियर-जनरल होता. युद्धानंतर ते नाव काढलं, मधली काही वर्षं 'कर्नल कमांडंट' चाललं आणि १९२८ मध्ये 'ब्रिगेडियर' आलं. त्यामुळे फोटोखालच्या हुद्द्यावरून साल ताडता येतं. डिव्हिजनवर मेजर जनरल, कोअरवर लेफ्टनंट जनरल, ही घडी आजही भारतात आहे.

१५. ब्रिटिश डिव्हिजन भारतात होत्या आणि भारतीय डिव्हिजनमध्ये गोरे होते, हे कसं?

'भारतीय डिव्हिजन' म्हणजे भारतीय लष्कराने उभी केलेली, इतकाच अर्थ. दुसऱ्या महायुद्धात तिच्या ब्रिगेडमध्ये सहसा दोन भारतीय बटालियन आणि एक ब्रिटिश असे. छत्तिसावी भारतीय डिव्हिजन तर बहुतेक ब्रिटिश पलटणींचीच होती. शेवटी १९४४ मध्ये तिचं नावच छत्तिसावी ब्रिटिश डिव्हिजन केलं.

उलटा प्रकार १९१४ चा. ब्रिटनच्या टेरिटोरियल फोर्समधल्या (अर्धवेळ स्वयंसेवकांच्या फौजेतल्या) वेसेक्स आणि होम काउंटीज या डिव्हिजन भारतात पाठवल्या, नेहमीच्या गोऱ्या पलटणींना युद्धासाठी मोकळं करायला. इथे उतरताच त्या छावण्या-छावण्यांत वाटल्या गेल्या आणि त्या युद्धात डिव्हिजन म्हणून कधीच लढल्या नाहीत.

१६. यादीत असलेली आर्मी प्रत्यक्षात नव्हतीच, असं होऊ शकतं?

होऊ शकतं. १९४४ मध्ये जर्मनांना नॉर्वेवर हल्ला होणार असं वाटावं म्हणून स्कॉटलंडमध्ये ब्रिटिश चौथी आर्मी 'उभी' केली. होते ते मुख्यतः बिनतारी संदेशांची देवाणघेवाण करणारे थोडे लोक. १९१६ मध्ये फ्रान्समध्ये सोम नदीवर लढलेली चौथी आर्मी मात्र अगदी खरी. आकड्यांच्या लिखाणाचा रिवाज इथे उपयोगी पडतो. इंग्रजी कागदांत आर्मीचा नंबर अक्षरी, कोअरचा रोमन, डिव्हिजन आणि ब्रिगेडचा साध्या अंकांत. टंकलेखकांनी हा रिवाज बऱ्यापैकी पाळला आहे.

१७. माझ्याकडे फक्त मेडल आहे. त्यावरून डिव्हिजन कशी काढायची?

पहिल्या महायुद्धातलं ब्रिटिश वॉर मेडल कडेवर धरून तिरप्या उजेडात फिरवा. कडेवर नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण कोरलेली असते. डिव्हिजन कधीच नसते, कारण शिपाई पलटणीचा, डिव्हिजनचा नव्हे. पॉलिश करून अक्षरं घासू नका, ती झिजली की परत येत नाहीत.

मग पलटण कोणत्या तारखेला कोणत्या ब्रिगेडमध्ये होती ते शोधायचं. लंडनजवळ क्यू इथल्या राष्ट्रीय अभिलेखागारात पहिल्या महायुद्धाच्या रोजनिश्या डब्ल्यूओ ९५ या मालिकेत आहेत आणि त्या आघाडी, डिव्हिजन, ब्रिगेड याच क्रमाने बांधलेल्या आहेत. पलटणीची रोजनिशी ब्रिगेडच्या गठ्ठ्यात सापडते. तारीख सोडू नका: पलटणी एका डिव्हिजनमधून दुसरीत जात असत, आणि १०३, ११७ अशा काही नंबरांच्या तर युद्धकाळात दुसऱ्या बटालियनही निघाल्या. मेडलवर नंबराआधी '२/' दिसला तर माणूस कूतच्या पलटणीतला नसून या नव्या बटालियनचा.

१८. गावात शिळा आहे, पण तिच्यावर नावं नाहीत, फक्त 'इतके गेले, इतके मेले'. काही करता येईल?

अशा शिळा बऱ्याच गावांत आहेत, शाळेच्या किंवा चावडीच्या भिंतीत बसवलेल्या. त्यांच्यावर डिव्हिजन तर सोडाच, पलटणसुद्धा नसते. पेन्शनचे कागद, घरातली मेडलं आणि कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनच्या यादीतलं गावाचं नाव, या तिन्हींवरून पुढे सरकता येतं. सगळे मराठा पलटणींतलेच होते असं मात्र धरून चालू नका. सॅपर्समध्ये, पायोनियरमध्ये, खेचरांच्या तुकड्यांत आपल्याकडची माणसं होती. १९१७ मध्ये १११ वी महार पलटण उभी राहिली आणि युद्धानंतर लवकरच मोडली गेली. त्यामुळे त्या घरांतल्या माणसांची माहिती नंतरच्या रेजिमेंटांच्या इतिहासात सहजी सापडत नाही. तुमच्या शिळेवरच्या आकड्यात ती माणसंही असू शकतात. वाडीवस्तीवर विचारताना तिकडेही जा.